सबनीस डॉक्टरांचं बर्म्युडावरचं भाषण

इंग्लंडमधल्या रीडिंग गावचे डॉक्टर पद्माकर सबनीस म्हणजे हट्टी माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी दुसऱ्या महायुद्धातली विमान-टपालाची पाकिटं जमवायचा नाद धरला आणि पत्नी सुप्रभाबाईंच्या डायनिंग टेबलावर जेवायला जागा उरली नाही. त्यात गेल्या वर्षी स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण इंग्रजी गेलं. दुसऱ्याचं सगळं कळायचं, स्वतःच्या तोंडून मात्र फक्त मराठीच यायचं. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात रुबाबात बोललेला माणूस दुकानात दूध मागताना अडू लागला.

"येईल हळूहळू," सुप्रभाबाई ज्याला त्याला सांगत. स्वतःलाही तेच सांगत.

बेसिंगस्टोकच्या टपालसंग्राहकांच्या क्लबात डॉक्टरांचं भाषण आधीच ठरलं होतं. मुलगा मिहीर म्हणाला, "आई, कॅन्सल करू या ना. बाबांना एम्बॅरसिंग होईल."

डॉक्टर बायकोकडे वळले. "मी मराठीत बोलणार. तू इंग्रजीत सांगायचंस."

बाईंना त्या पाकिटांत काडीचा रस नव्हता. तरी गेल्या.

भाषण रंगलं. अमेरिकेहून युरोपला निघालेलं टपाल वाटेत बर्म्युडा बेटावर कसं उतरवायचे, ब्रिटिश सेन्सॉरवाले पाकिटं फोडून नको तो मजकूर कात्रीनं कसा कापायचे, पट्टी चिकटवून ती पुढे कशी धाडायचे, हे डॉक्टर सांगत गेले आणि बाई इंग्रजीत मांडत गेल्या. शेवटी क्लबच्या अध्यक्षांनी आपुलकीनं विचारलं, "पुढच्या वर्षी तुमच्याच तोंडून इंग्रजीत ऐकायला मिळेल ना, डॉक्टर?"

"माझं इंग्रजी आता परत येणार नाही," डॉक्टर मराठीत म्हणाले. "मी डॉक्टर आहे, मला कळतं. पण बोलण्यासारखं अजून पुष्कळ आहे."

बाई हसून इंग्रजीत म्हणाल्या, "ते म्हणतात, सुधारणा होतेय."

डॉक्टरांनी काठी आपटली. "सुप्रभा, मी असं म्हटलं नाही. कापू नकोस."

बाईंना नवऱ्याचा भयंकर राग आला. घरात कधी उच्चारलं नाही ते हा चारचौघांत आपल्याकडून वदवून घेतोय! त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डॉक्टरांचं वाक्यन् वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. परत येणार नाही, हेसुद्धा.

डॉक्टरांनी मान डोलावली.

"मग पुढच्या वर्षी मार्चमध्ये जमेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

या वेळी बाई नवऱ्याच्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. "जमेल," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं येऊ."