रामराव मास्तरांची तालीम

मेडशीत रामराव मास्तरांइतका गर्वानं फुगलेला माणूस दुसरा नव्हता. शाळेतून निवृत्त झाले, छडी मात्र घरी घेऊन आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात नाटक व्हायचं. लिहायचे तेच, तालीम घ्यायचे तेच. सात प्रवेश, आणि एकातही जीव नाही.

चौऱ्याहत्तर साली राजाचं काम गोविंदा शिंप्याकडे आलं. पहिल्या प्रवेशात राजा आपली तलवार भावाला देऊन टाकतो. सातव्यात शत्रू समोर आला की त्यानं म्हणायचं, "मी निःशस्त्र आहे." गोविंदा नेमका तिथं "उपसतो तलवार" म्हणायचा. समोरच्याचं शेवटचं वाक्य तेवढं त्याच्या डोक्यात राही. सुरुवातीचं केव्हाच पुसलेलं असे. मास्तरांचा इलाज एकच. चुकलेलं वाक्य शंभरदा घोकायला लावायचं आणि चुकलं की पोटरीवर छडी, तीही पन्नाशीच्या माणसाला. चूक सातव्यात दिसते पण सुटलंय पहिल्यात, हे त्या शहाण्याला महिनाभर कळलं नाही.

गोविंदाची बायको प्रयागबाई वळ पाहून म्हणाली, "तलवार देल्ली तवा उजवा हात रिकामा झाला ना? मंग त्या हातात काहीच धरू नका. पेला नाई, फूल नाई. बाकीचं इसरलं तरी चालते."

"अन् शेवटी?"

"हाताकडं पाहा. तोच सांगते."

करीच्या दुपारी गोविंदा डाव्या हातानं पाणी प्याला, डाव्यानंच मुजरे घेतले. शत्रू आला. गोविंदानं उजवा हात पाहिला आणि न अडखळता म्हणाला, "मी निःशस्त्र आहे."

"आपल्या छडीचा गुण हाय," मास्तर गावभर सांगत फिरले.

खरी गोष्ट कानावर आली तेव्हा त्यांनी तीही आपलीच केली. पुढच्या वर्षी हुकूम सुटला: साऱ्या पात्रांनी शेवटपर्यंत उजवा हात रिकामा ठेवायचा. काय धरायचं, काय सोडायचं, हे त्यांना समजलंच नव्हतं. भालदाराला भाला पेलेना. राणी झालेल्या देवमननं डाव्या हातानं फेकलेली वरमाला प्रधानाच्या गळ्यात पडली. लोक हसून लोळले. मास्तर छडी घेऊन देवमनवर धावले. गोविंदानं छडी मधेच धरली.

"मास्तर, आता घरी जा."

मास्तर गेले. कोणी थांबवलं नाही.

पुढं तालमी प्रयागबाईच्या ओट्यावर होऊ लागल्या. ती तूर निवडत ऐकायची आणि कोणी चुकलं की नेमकं मागं कुठून सुटलं ते सांगायची. मास्तर तिथून जाताना छत्री तोंडापुढं धरत.