दोन तासांचं विमान

माझा भाऊ दिल्लीला असतो आणि अंतर कधी किलोमीटरात सांगत नाही. "दिल्ली-पुणे दोन तास! तू सांगलीहून वडूजला पोचेस्तोवर मी जेवून झोपलेला असतो," म्हणायचा.

वडूजला, माझ्या माहेरी, आई वारली तेव्हा तो तिथंच होता. मी सांगलीहून निघाले, फोनवर रडत सांगितलं, "दादा, मी आल्याशिवाय उचलू नका." विट्याच्या पुढं उसाची ट्रॉली उलटलेली, रस्ता बंद. यानं मोबाईलमध्ये बघितलं, सांगली-वडूज अडीच तास. अडीच तास झाले, संध्याकाळी याचं परतीचं विमान. उचललं! मी पोचले तेव्हा चिता पेटली होती. आईचं तोंड मला दिसलं नाही. "अगं, मोबाईल अडीच तास दाखवत होता," एवढंच बोलला मेला. ते मी विसरले नाही.

चार वर्षांनी माझ्या पोरीचं लग्न ठरलं, सांगलीत, मुहूर्त बारा पस्तीसचा. आमच्यात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा, अंतरपाट धरल्यावर तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. दादाचा फोन आला, "आदल्या दिवशी येऊ, का सकाळच्या विमानानं? सहाला निघतं, आठला पुण्यात." पुण्यापासून सांगली पाच तास, त्यात खंबाटकी घाट, लग्नसराईतला रविवार. याच्या हिशेबात विमान उतरलं की प्रवास संपला. मला सगळं कळत होतं. तरी गोड आवाजात म्हणाले, "ये की सकाळी. दोन तासांचं तर विमान." फोन ठेवला आणि काळजात कसलं गार वाटलं म्हणून सांगू!

बारा वाजता फोन. "कराडच्या अलीकडं अडकलोय गं. भटजींना थोडं थांबव."

"मुहूर्त थांबत नसतो, दादा."

शेजारच्या किराणावाल्याला टोपी घालून मामा म्हणून उभा केला. व्याह्यांकडचे एक म्हातारे म्हणाले, "सख्खा मामा न्हाई व्हय पोरीला?" मी म्हणाले, "हाय की. लय लांब ऱ्हातो." पोर सारखी दाराकडं बघत होती. बघू दे, म्हटलं.

दोन वाजता तो आला. काखेत मामाची पिवळी साडी, जी नेसून पोरीनं बोहल्यावर उभं राहायचं असतं. मांडवात पंगत बसलेली. त्याचं तोंड पार उतरलं, आणि खोटं कशाला बोलू, माझा जीव सुखावला.

"आदल्या दिवशी येतो म्हणत होतो की मी," तो म्हणाला. "तूच सकाळी ये म्हणालीस."

पोर मागंच उभी होती. "आई, खरं?"

मी तिला तिच्या आजीचं सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आजीचं मला कळतंय गं," ती म्हणाली. "पण लग्न माझं होतं."

पाठवणीला ती त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. माझ्या नुसती पाया पडली आणि गाडीत बसली.