काट्यावर आळ नको

फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल अजून साबणातच होता. "मामा, बाबा नहीं रहे," एवढंच नितीन बोलला. नितीन माझा भाचा, सुमनताईचा मुलगा. त्याचे बाबा म्हणजे माझे भाऊजी. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो तो मला सांगत होता, फार गरीब स्वभावाचा, फार गोड माणूस गेला. मी मान डोलवत होतो. गोड कसले! भाऊजी एक नंबरचे हट्टी होते, आणि त्या हट्टापायीच मी त्यांना मानत आलो. ते कुणी सांगितलंच नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून दीड महिन्याने का होईना, लिहायला बसलो आहे.

भाऊजी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. रायपूरला तात्यापाऱ्यात घर, आणि दारात पांढरी अँबॅसडर. ती नितीनपेक्षाही वयाने मोठी. राज्य नवीन झालं, आमचं रायपूर बघता बघता राजधानी झालं, आणि गावात साहेबलोकांच्या पांढऱ्या गाड्यांचा सुळसुळाट झाला. चौकातल्या शिपायांना कोण साहेब आणि कोण साधा माणूस हे काही उमगेना. ते भाऊजींनाही कडक सलाम ठोकायचे आणि भाऊजी गंभीर चेहऱ्याने तो घ्यायचे. मी हसलो की म्हणायचे, "हसून काहून राहिला? राज्य नवीन आहे, पोट्ट्यांयले कायले नाराज करू?"

नवीन राज्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. भाऊजी राजीमहून परत येत होते. मागे सून आणि चार वर्षांची नात. वाटेतलं अभनपूर सोडलं आणि भर दुपारी गाडी दोन आचके देऊन बंद पडली. टाकी ठणठणीत कोरडी. नितीन मोटरसायकलवर पेट्रोलचा डबा घेऊन पोचेपर्यंत दीड तास गेला. तोवर पोर उन्हाने मलूल होऊन उलट्या करू लागली होती. त्या दिवशी नितीन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ताई नंतर म्हणाली. संध्याकाळी बापासमोर हात पसरून तो म्हणाला, "बाबा, चाबी दे दीजिए. आप भूलने लगे हैं."

भाऊजींनी किल्ली काढून दिली. "चाबी घे," म्हणाले, "पण मी विसरलो नाही. काटा पाव टाकी दाखवत होता."

कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही नाही, हे आज कबूल करतो. त्याच महिन्यात चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधण्याचा पराक्रम त्यांनी केलेला होता. मी शहाणपणाने म्हणालो, "भाऊजी, वय झालं की होतं असं." चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भाऊजींना गाडी चालवायला मिळत नाही याचं दुःख नव्हतं. आपल्या डोक्यावर घरातल्यांचा भरवसा उरला नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी कंबर कसली.

इंजिनाच्या तापमानाचा काटाही बरेच दिवस वर चढलेला असायचा. मेकॅनिकने रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, काटा वरचा वरच. आता तो म्हणत होता, दोन्ही मीटर बदलून टाका. भाऊजींनी मला अंगणात बसवून समजावलं. "एक काटा बिघडला असता तर मी त्यालेच धरलं असतं. पण दोन्ही संगंच वर चढून राहिले. म्हणजे दोघांच्या मागं एकच कोणीतरी आहे. अन् एक सांगू? रेल्वेत सिग्नल बिघडला तर लाल होते. गाडी थांबते, माणूस मरत नाही. हा काटा बिघडूनही 'आहे, आहे' म्हणून राहिला. असा सिग्नल माझ्या लाइनीत मी एक दिवस ठेवला नसता."

मग तपासण्या सुरू झाल्या. गाडी दारातच उभी, किल्ली फक्त काटे बघण्यापुरती सुनेकडून मागायची आणि परत करायची. टाकी पार कोरडी केली, तरी काटा पावावर. तापमानाचा सेन्सर इंजिनातून काढला, वायर लांबवली, अंगणात स्टोव्ह पेटवून ताईच्या दुधाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि सेन्सर त्यात बुडवला. काटा उकळत्या पाण्याच्या खुणेपाशी थांबायला हवा होता, तो थेट टोकाला जाऊन टेकला. भाऊजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "पाह्य! खोटारडा!" ताई मात्र पातेल्याकडे बघत होती. त्या पातेल्यात तिने पुन्हा कधी दूध तापवलं नाही.

दोन दिवसांनी नितीनचा घाबरलेला फोन. "मामा, जल्दी आइए. बाबा गाड़ी में उल्टे पड़े हैं. बार-बार बोल रहे हैं, अर्थ ही नहीं है... अर्थ ही खत्म हो गया." चौबे कॉलनीतल्या माझ्या घरून स्कूटर अशी हाणली की विचारू नका. भाऊजींचे पाय गाडीच्या दारातून बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली. आतून आवाज येत होता, "अर्थच नाही राहिला..." मी खाली बसलो, त्यांच्या घोट्यावर हात ठेवला आणि बोलू लागलो. संसार, नात, उरलेलं आयुष्य, काही सोडलं नाही. शेवटी म्हणालो, "भाऊजी, अर्थ असा आयता मिळत नाही. तो आपणच द्यायचा असतो."

आतून उत्तर आलं, "हव, आपणच द्यावा लागते. तो पॉलिश पेपर दे इकडं."

"अर्थाला पॉलिश पेपर?" मी विचारलं. "अबे, अर्थ म्हणजे अर्थिंग! बॉडीले जोडतात ते!" भाऊजी बाहेर आले ते हसून हसून डोळे पुसतच.

झालं होतं ते इतकंच. डॅशबोर्डमागे काडेपेटीएवढा पत्र्याचा एक डबा असतो. बॅटरीचा जोर कमी करून तो दोन्ही काट्यांना सारखा पुरवतो, आणि त्याचं अर्थिंग तो ज्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला असतो त्यातूनच होतं. त्या पत्र्यावर रंगाचा जाड थर होता. अर्थिंग तुटलं, डब्याचा धरबंद सुटला, दोन्ही काटे वर. भाऊजींनी रंग खरवडला, स्क्रू आवळला. दोन्ही काटे हळूहळू उतरले, पेट्रोलचा तर तळाला जाऊन बसला. मी टाळी वाजवली. भाऊजी खरवडलेल्या रंगावर बोट फिरवत होते. "रंग मीच मारला होता," ते म्हणाले. "दिवाळीत."

नितीनला त्यांनी तेही सांगितलं. "पोरीले त्रास झाला तो माझ्याच हातानं. पण विसरल्यानं नाही, रंगानं. जी चूक केली ती मले सांग, नाही केली ती नको सांगू." नितीनने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि वाकून पाया पडला.

त्यानंतर बरीच वर्षं ते मानाने गाडी चालवत राहिले. मग एका संध्याकाळी माझ्या दारात उभे, घामाने निथळत. गाडी बूढापाऱ्यात तलावाजवळ बंद पडली होती. पेट्रोल संपलं होतं. मी म्हणालो, "काटा बिघडला वाटतं परत." ते पाणी प्यायले. "काटा बरोबर आहे," म्हणाले. "तीन दिवस झाले, खालीच आहे. मी रोज पाहून राहिलो... अन् रोज विसरून राहिलो."

मी म्हणालो, "नितीनला काटाच सांगू. त्याला कुठं कळतंय?" भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वरमलो. "नाही. काट्यावर खोटा आळ नको." आणि घरी जाऊन, कुणी मागितली नसताना, त्यांनी किल्ली नितीनच्या हातात दिली.

पण घरी बसले नाहीत. नितीन गाडी काढायचा तेव्हा शेजारी बसायचे, आणि नितीनने त्यांना एक काम दिलं. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "बाबा, काँटा कितना?" भाऊजी वाकून बघायचे आणि सांगायचे. दोन मिनिटांनी विसरायचे, पण बघून सांगितलेलं शेवटपर्यंत कधी चुकलं नाही. वाचायचं त्यांनी, लक्षात ठेवायचं नितीनने.

परवा नितीनबरोबर गाडीतून गेलो. शेजारच्या सीटवर मी. काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता, लख्ख दिसत होता. तरी चौकात गाडी थांबल्यावर समोर बघतच त्याने विचारलं, "मामा... काँटा कितना?"

मी वाकलो, चष्मा सारखा केला, नीट पाहिलं, आणि सांगितलं.