अण्णा आणि मुरगूडकडचा वीरगळ

अण्णा दगडाशी जितक्या मऊ आवाजात बोलायचे, तितक्या मऊ आवाजात माणसांशी कधी बोलले नाहीत. कारखान्यात लेथ मशीनवर उभं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर जुना कॅमेरा घेतला आणि रानातले कोरीव दगड शोधत फिरायला लागले. मी शेजारची शिक्षिका. रविवारी त्यांना स्कूटीवर न्यायचं काम माझ्याकडे आपोआप आलं, आणि त्यांची बोलणीही.

त्यांची एक पद्धत होती. आधी चपला काढायच्या. मग तांब्याने पाणी ओतून दगड मऊ ब्रशने धुवायचा, कारण ओल्या दगडावर रेषा उठून दिसतात. मग चक्क पालथं पडून फोटो काढायचा. "ऊन तिरकं पायजे," ते म्हणायचे, "सावली बाजूला घ्या की तुमची, मॅडम."

मुरगूडकडे एका ओढ्याकाठी वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा दगड. तीन रविवार आम्ही तिथे गेलो. हा माणूस गाई सोडवताना मेला, असं अण्णांचं ठाम मत. पण अशा दगडावर जिथे गाई कोरलेल्या असतात, तो खालचा भाग मातीत गाडलेला होता.

चौथ्या रविवारी खुरपं घेऊन गेलो, तर दगडाला शेंदरी ऑइलपेंट फासलेला. कोरीवकाम सगळं रंगात बुजलेलं. भोवती खड्डा, घमेल्यात कालवलेलं सिमेंट आणि वीस-पंचवीस माणसं. एकजण हात जोडून पुढे आला.

"या पावणं. देव जागृत हाय, ह्ये तुमच्यामुळंच कळलं की. तुमी आंगूळ घालून दंडवत घालत हुता."

अण्णांचा चेहरा उतरला. मी त्यांची बाही ओढली. पण गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नाही.

"मी पाया पडत न्हवतो. फोटू काढत हुतो."

गवंड्याची थापी थांबली. दोघेजण पुढे सरकले. मी स्कूटीची किल्ली मुठीत घट्ट धरली. मला खरोखर भीती वाटली.

तेव्हा नारळ घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तीन आयतवार मातीत पालथा पडलास की बाबा. ह्येला आमी पाया पडणंच म्हंतो."

अण्णा गवंड्याकडे वळले. खालचा भाग तेवढा उघडा ठेवा, एवढंच त्यांनी विनवलं. दगड कलतोय, सिमेंट घातलंच पाहिजे, असं गवंडी म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. खड्डा इतका अरुंद की कॅमेरा आत जाईना. अण्णांनी तो माझ्या हातात दिला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. आयुष्यभर लोखंडाचे पार्ट बोटांनी तपासलेला माणूस तो.

"चार गाया हाईत. मागच्या एकीचं शिंग मोडलंय."

मग हात बाहेर काढून ते गवंड्याला म्हणाले, "वता आता."

परतताना कागलपर्यंत ते माझ्या पाठीमागे रडत होते. त्यानंतर त्यांनी कुठल्याही दगडावर पाणी घातलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत, त्यात त्या गाई नाहीत. मग फोटो बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगते, की गाई चार आहेत, आणि मागच्या एकीचं शिंग मोडलंय.