सोफ्यावरचा बटाटा

जळगावात माझ्या इंग्रजीच्या क्लासच्या खिडकीखाली एक अक्का भरिताची वांगी विकायच्या. प्रत्येक वांगं तळहातावर तोलून हलकं, म्हणजे कमी बियांचं, लागलं तरच गिऱ्हाइकाला द्यायच्या. कान मात्र सगळा वर, माझ्या वर्गाकडे.

एकदा मी ‘काउच पोटॅटो’ समजावत होतो. दिवसभर टीव्हीसमोर लोळणारा माणूस, म्हणजे सोफ्यावरचा बटाटा. पोरं ते वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात खालून अक्का शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, तो मना घर शे.” म्हणजे त्यांच्याच घरी, त्यांचे मालक. वर्ग हसत सुटला, मीही.

आठवड्याने भर दुपारी अक्कांचे मालक पहिल्यांदाच डबा घेऊन हळूहळू चालत आले. अक्कांनी पदर सावरला, डबा मांडीवर घेतला आणि खिडकीकडे बघून हाक मारली, “मास्तर, आते दुसरा शब्द शिकाडा. बटाटा उठना.”