शेठच्या तांदळातला खडा

फुलचूरच्या पुढे, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात तिथे, आमच्या गोंदियाच्या राइस मिलवाल्यांनी एक क्लब काढला होता. गोल्फचं मैदान म्हणायचं, पण मैदान कसलं! दहा-बारा बांध्या घेऊन मधले बांध-धुरे सपाट केले, सहा भोकं पाडली आणि मधली बोडी, म्हणजे लहानसं तळं, तशीच ठेवली. पावसाळ्यात गवताच्या आधी धानच उगवून यायचं आणि खेळ बंद पडायचा. एरवी बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं वर घिरट्या घालत आणि खाली शेठलोक पांढरे बूट घालून चेंडू शोधत. गावाला हसायला एक निमित्त झालं होतं.

बाबा तिथे गेले ते बैल तपासायला. ते जनावरांचे सरकारी डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. मैदानावर रूळ ओढणाऱ्या बैलाचा खूर सुजला होता. औषधपाणी झाल्यावर क्लबच्या अध्यक्षांनी, एका जुन्या मिलवाल्या शेठनी, गमतीनं त्यांच्या हातात गोल्फची काठी दिली. बाबांनी मारलेला चेंडू बोडी ओलांडून गेला. झालं! त्या दिवसापासून बाबा संध्याकाळी घरी सापडेनात. आई म्हणायची, "बैल बरा झाला, आता याईलेच काही तरी झालं."

पण पाहुणा म्हणून किती दिवस खेळायचं? शेठनी सभासद म्हणून बाबांचं नाव सुचवलं. तोवर क्लबात आमच्यातलं कोणी नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध, आणि आमचं आडनाव ऐकलं की गावातली काही माणसं एकदम जास्तच गोड बोलू लागतात. ते गोड बोलणं मला लहानपणापासून ओळखू येतं. बाबांना येत नसे, किंवा ते तसं दाखवत.

क्लबात मत टाकायची रीत मिलवाल्यांना शोभेलशी होती. पडद्याआड दोन ताटल्या, एकीत तांदूळ, दुसरीत बारीक खडे. माणूस हवा असेल तर चिमूटभर तांदूळ पितळेच्या गडव्यात टाकायचे, नको असेल तर खडा. शेवटी गडवा सगळ्यांसमोर परातीत उपडा करायचा. एक खडा निघाला तरी नाव बाद.

त्या संध्याकाळी मी बाबांना स्कूटीवर घेऊन गेले होते. कॉलेजात होते तेव्हा. आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते सारखी कॉलर चाचपत होते. आत गडवा उपडा झाला, आणि परातीवर एक खडा टणकन वाजला.

 बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या बोडीकडे बघत राहिले. मला रडू फुटलं, संतापाचं. आत जाऊन सगळ्यांना विचारावंसं वाटलं, आमचा विटाळ होतो काय तुम्हाला? मी उठलेसुद्धा, पण तेवढ्यात आतून शेठचा आवाज आला.

"थांबा. तांदूळ माझ्या घरचा, माझ्या मिलचा. खडा त्यातलाच आहे. गलती माझी."

 आमच्या गावात मिलवाल्यानं असं म्हणणं म्हणजे सोनारानं भर बाजारात माझं सोनं खोटं आहे म्हणण्यासारखं. मग कोणी तरी हसलं, कोणी तरी "होतं कधी कधी" म्हणालं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मत घ्यायचं ठरलं. त्या रविवारी चार मिलवाल्यांनी तांदूळ सगळ्यांसमोर निवडले. परातीत पांढरंशुभ्र पडलं. बाबा सभासद झाले.

बाजारात शेठची मात्र शोभा झाली. खडेवाले शेठ म्हणून लोक त्यांना चिडवत, आणि त्यात सगळ्यात पुढे आमचे बाबा. क्लबात जेवायला बसले की पहिल्या घासालाच थांबायचे, गाल धरायचे. "शेठ, खडा!" पंगत खो खो हसायची. शेठ दोन्ही हात जोडायचे, "माफी, डॉक्टरसाब." मीही हसायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. तोवर मैदानाच्या अर्ध्या भागात प्लॉट पडले, सहाची तीन भोकं उरली, पण ही मस्करी काही जुनी झाली नाही.

शेठ गेले त्याला आता काही वर्षं झाली. तेरवीला बाबांना घेऊन मी गेले. बाबा पुरुषांत बसले, मी आत शेठच्या बायकोजवळ, काकींजवळ. शेठच्या गोष्टी निघाल्या तशी मीच खड्याची आठवण काढली. काकींनी डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"बेटा, पहिल्या वेळचा तांदूळ मीच निवडला होता. सुपात घेऊन, दाणा दाणा. डॉक्टरसाबचं काम म्हणून." आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर मी भांडली त्याइच्याशी. माझ्या तांदळात खडा कसा म्हणता? तर म्हणाले, चूप राय. ज्यानं टाकला त्याले वापस यायले रस्ता पाहिजे."

मी दारातून बाहेर पाहिलं. बाहेर मांडवात तेच सगळे जुने सभासद बसले होते. बाबा त्यांच्यात, एकाच्या खांद्यावर हात ठेवून.

 घरी परतताना, फुलचूर मागे पडल्यावर, बाबा गाडीत म्हणाले, "आता कोणाले चिडवू मी? मोठा माणूस गेला, पोरी. पण एक सांगतो, तांदूळ काही साफ नव्हता त्याइचा."

"हो बाबा," मी म्हटलं. "खडे असायचे."