माहेरचा लॅपटॉप

आमच्याकडे मामा म्हणजे मोठा मान. भाचीचे कान टोचले तेव्हा ती माझ्या मांडीवर होती, आणि तिच्या रडण्याने माझा नवा शर्ट ओलाचिंब झाला होता. त्या ओल्या शर्टाच्या जोरावर मी तिच्यावर आजवर हक्क सांगत आलोय. त्यामुळे बारावीनंतर तिला ठाण्यातल्या एका कॉलेजात इंटिरिअर डिझाइनला ॲडमिशन मिळाली आणि लॅपटॉपचा विषय निघाला, तेव्हा मी भरल्या ताटावरूनच जाहीर करून टाकलं, "लॅपटॉप मामा घेणार. कोणी मध्ये बोलायचं नाही."

बहिणीचं घर टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, माझं डोंबिवलीला. जेवायला दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, समोरच बसलेले. ते म्हणाले, "मेहुणे, ह्या कोर्सला साधा लॅपटॉप चालत नाही म्हणे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आपण दोघं मिळून चांगला घेऊ ना. अर्धे तुमचे, अर्धे माझे."

बोलणं सरळ होतं, पण मला ते झोंबलं. माहेरच्या वस्तूत सासरची भर? आमच्या आईने बहिणीच्या डोहाळजेवणाला हिरवी साडी स्वतः निवडून आणली होती, आणि दाजींच्या घरून "जरा भारीतली घेऊ, वरचं आम्ही बघतो" असा निरोप आला तेव्हा तिने तो गोड बोलून परत पाठवला होता. मी तिचाच मुलगा. फरक एवढाच, की मला गोड बोलणं जमत नाही. "दाजी, तुम्ही फक्त पेढे आणा," असं म्हणून मी भाताकडे वळलो.

शिवाय कंपनीत मी कॉम्प्युटरवाला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचची चलानं कॉम्प्युटरवर काढतो. कोणाचा प्रिंटर अडला की मलाच हाक मारतात. एवढ्या अधिकारावर मी बाजारात गेलो. एका लॅपटॉपच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत आठ जीबी मेमरी असं लिहिलेलं होतं. दुकानदाराला विचारलं, "ग्राफिक्स आहे ना ह्यात?" तो म्हणाला, "आहे ना, आतच आहे." आतच आहे म्हटल्यावर मला उलट बरं वाटलं. बाहेरून काही बसवण्यापेक्षा घरचं आतलं केव्हाही चांगलं, अशी माझी समजूत. लगेच पैसे मोजले.

बहिणीने लॅपटॉपची पूजा केली. झाकणाच्या कोपऱ्यात हळदकुंकवाची बोटं लावली, वर अक्षता टाकल्या. भाचीने तो उघडला आणि दाजी चष्मा सावरत तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "मेहुणे, आठ म्हणालेलात ना? इथे तर वापरायला पाच पूर्णांक नऊच दिसतायत. बाकीचे काय डोंबिवलीहून येताना वाटेत सांडले?"

सगळे हसले. माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप काखोटीला मारून मी दुकानात गेलो आणि दारातूनच तोंड सोडलं, "गिऱ्हाईकाला येडा समजता काय? आतले दोन जीबी काढून घेतलेत!" माझा आवाज मुळातच चढा, त्यात समोर भाजीवाल्यांकडे संध्याकाळची गर्दी. लोक पिशव्या हातात घेऊन मजा बघत उभे राहिले. दुकानदार माझ्याशी वाद घालायच्या भानगडीत पडला नाही. त्याने एक सीलबंद डबा फोडला, लॅपटॉप चालू केला, माझ्यापुढे सरकवला. पाच पूर्णांक नऊ. मग शोकेसमधला एक. तेच. "काका, सगळ्यांत एवढंच येतं. बाकीची मेमरी ग्राफिक्सला जाते." मी "बरं बरं, खात्री केलेली बरी" असं पुटपुटत बाहेर पडलो. अजूनही मेथीची जुडी आणायची तर मी मागच्या रस्त्याने जातो.

उरलेलं भाचीने फोनवर समजावलं. "मामा, अरे, महागातल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी मेमरी असते. ह्यात नाहीये. मग ते मेन मेमरीतूनच आपला वाटा काढून घेतं. चोरली नाही कोणी."

हे मात्र मला चटकन कळलं. लहानपणी आम्ही विठ्ठलवाडीला एका खोलीत राहायचो. गावाहून पाहुणे आले की खोली तेवढीच, पण अंथरायची जागा आमची कमी व्हायची. मी विचारलं, "चालतो ना पण तो?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "एकदम मस्त चालतो, मामा."

ते थांबणं मला ऐकू आलं होतं. मी ते कानाआड केलं, कारण मला पुढचंच वाक्य हवं होतं. त्यानंतर टेंभी नाक्याला गेलो की लॅपटॉप टेबलावर उघडा दिसायचा, मी "कसा चालतो?" विचारायचो, ती "मस्त" म्हणायची, आणि मी दाजींकडे बघून मान हलवायचो. एकदा तर म्हणालोसुद्धा, "बघा, वेगळं कार्ड लागतं म्हणे!" दाजी चहात बिस्कीट बुडवत राहिले. ते का बोलले नाहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग तिचं शेवटच्या वर्षाचं प्रेझेंटेशन आलं. कॉलेजने घरच्यांनाही बोलावलं होतं. प्रत्येकाने एक घर डिझाइन करायचं, आणि आत चालत फिरल्यासारखं ते पडद्यावर दाखवायचं. सगळे मार्क त्याच्यावर. मी अर्धा दिवस रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बहीण-दाजींबरोबर दुसऱ्या रांगेत बसलो. एकेका पोराचं घर बघताना आम्ही खरोखर दारातून आत जात होतो. पडदे हलत होते, खिडकीतलं ऊन फरशीवर पडत होतं.

भाचीचं नाव पुकारलं. तिने बॅगेतून माझा लॅपटॉप काढला. झाकणाच्या कोपऱ्यातलं कुंकू फिकट झालेलं, पण दुसऱ्या रांगेतून ओळखू येत होतं. माझी छाती फुगली. तिने वायर जोडली आणि पडद्यावरच्या घराचं दार उघडलं.

दार अर्धंच उघडलं. चित्र थिजलं. मग एक हिसका बसून आम्ही एकदम हॉलमध्ये पोचलो, पण तिथे भिंत नव्हती. सोफ्याच्या जागी राखाडी ठोकळा होता. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला, की मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "थोडं पुढे जाता येईल का?" ती म्हणाली, "हो मॅडम, लोड होतंय." तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

तेवढ्यात तिची एक मैत्रीण आपला जाडजूड काळा लॅपटॉप घेऊन पुढे आली. ती हळूच बोलली, पण आमच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. "अगं, माझ्यावर लाव ना. सगळं काम तर माझ्यावरच केलंयस."

"नको," भाची म्हणाली. नको म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मी बहिणीकडे वळलो. ती खाली मान घालून कुजबुजली, "दोन वर्षं तिच्याकडेच जाते रे कामाला. तुला कळू द्यायचं नाही म्हणून बजावलेलं आम्हाला. आज तू येणार म्हणून हाच घेऊन आली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातली लाज चार अनोळखी लोकांपुढची होती. ही आतून वर येत होती. मी "मस्त" ऐकून घरी जाऊन जेवत होतो, आणि ही पोर रोज कॉलेज सुटल्यावर दुसऱ्याच्या दारात जाऊन बसत होती. आता माझा मान राखायला ती स्वतःचे मार्क घालवायला निघाली होती. ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, लाव तो दुसरा. पण ओरडलो असतो तर सगळ्यांदेखत तिलाच खोटं पाडलं असतं. जन्मात पहिल्यांदा मी माझा आवाज गिळला.

खिशातून फोन काढला. तो वाजला नव्हता. "हॅलो, हां साहेब, एक मिनिट," असं जरा मोठ्यानेच म्हणत मी उठलो, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

दाराला काचेची उभी पट्टी होती. फोन कानाला तसाच लावून मी बाजूने आत डोकावलो. काळ्या लॅपटॉपला वायर लागली होती. तिचं घर पडद्यावर उघडलं, आणि ह्या वेळी त्याला भिंती होत्या. हॉल, स्वयंपाकघर, खिडकीत बसायला लाकडी बाक, त्यावर पिवळी उशी. सगळं पाण्यासारखं सरकत होतं. परीक्षक बाई पुढे वाकून बघत होत्या. मला एक शब्द ऐकू येत नव्हता, पण भाचीचे हात मोकळे झालेले दिसत होते. दोन वर्षांत तिचं काम मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी लॅपटॉप बघत होतो.

टाळ्या पडल्यावर मी आत गेलो. टेबलावर पुन्हा माझाच लॅपटॉप होता, वायर लावलेला. तिने तेवढ्यात बदललासुद्धा होता.

"छान झालं गं," मी म्हणालो.

"कोणाचा फोन होता, मामा?"

"साहेबांचा."

ती वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं, वेळेवर आला."

खाली उतरल्यावर मायलेकी पुढे चालत होत्या. मी दाजींच्या बाजूला झालो. दोन-तीनदा खाकरलो. मग म्हणालो, "दाजी, ते तुम्ही म्हणालेलात ना, दोघं मिळून घेऊ. तिला आता पुढेही लागेलच. अजूनही तसा घ्यायचा का?"

मी थट्टेची वाट बघत होतो. वाटेत सांडलेल्या जीबींचा विषय तरी निघेलच, अशी खात्री होती. तो निघाला असता तर मला हलकं वाटलं असतं. दाजी म्हणाले, "घेऊ की." आणि थोडं चालल्यावर, दुसरीकडेच बघत, "पण आणून तिच्या हातात तुम्हीच द्या."